एकेचाळिसावी बॅच

घुगरे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते भांडी घासताना. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. कोल्हापूरच्या आमच्या महाविद्यालयात संशोधनासाठी जागा मागायला गेलो होतो. प्रयोगशाळेच्या मोरीवर वाकलेल्या गृहस्थांना शिपाई समजून विचारले, "घुगरे सर कुठं भेटतील?" मान वर न करता ते म्हणाले, "भेटत्याल की! आधी ही बाटली धर." सरांच्या एकसष्टीच्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर थोर मंडळी लिहितीलच. माझ्या वाट्याला भांडी आली आहेत, आणि ते योग्यच आहे.

सर झिओलाइट घडवत, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचे स्फटिक. सिलिकाच्या त्या जाळीत टायटॅनियमचा एकेक अणू सुटासुटा बसवायचा. तो नीट बसला की हायड्रोजन पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन अल्कीन या पेट्रोलियममधल्या रसायनाला जोडून देतो, हवे ते इपॉक्साइड, म्हणजे रंग-औषधांचा कच्चा माल, मिळते आणि मागे उरते फक्त पाणी. ओढ्यात सोडायला घाण नाही. पण टायटॅनियम महाहट्टी. घाई केली की जाळीत न शिरता वेगळेच पांढरे होऊन खाली बसते आणि पेरॉक्साइडची नासाडी करते. म्हणून ते थेंबाथेंबाने सोडायचे, मग मिश्रण टेफ्लॉनच्या भांड्यात बंद करून दिवसचे दिवस भट्टीत ठेवायचे.

माझे वडील गडहिंग्लजला दवाखान्यात होते, तेव्हा माझे थेंब सरांनी सोडले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, स्टुलावर बसून. मी परतल्यावर त्यांनी वडिलांची चौकशी केली, मिश्रणाचे नावही काढले नाही. त्यांच्या घरी काकूंनी मला पहिल्याच दिवशी सरांच्या शेजारी पानावर बसवले. गावात आमचे पान वेगळे मांडत; ते माझ्या आईला कळले तेव्हा ती रडली होती.

सरांचा एक दंडक होता. प्रत्येक बॅचनंतर भांडे आम्लाने धुवायचे, जुन्या स्फटिकाचा कणही राहता कामा नये, आणि तसे वहीत लिहून सही करायची. त्या सहीवर त्यांचा आंधळा विश्वास. कुणी माझ्या नोंदीवर शंका काढली तर म्हणत, "कांबळ्यानं लिवलंय न्हवं? मग झालंय."

आमच्या चाळीस बॅच फसल्या. एकेचाळिसावी जमली. सर टेबलावर हात आपटून ओरडले, "आलं रं, आलं!" मी म्हटले, छापू या. ते म्हणाले, "एकदा आलं त्याला नशीब म्हणत्यात. परत आलं की शास्त्र."

परत आले नाही. सात वर्षे आले नाही. सरांनी पाणी बदलले, सिलिका बदलली, भट्टीचा काटा पुन्हा पुन्हा तपासला. भांडी तर ते इतरांच्या हाती देईनासे झाले, स्वतःच घासत. तोवर दुसरीकडच्या लोकांचे निबंध येत राहिले. निवृत्तीच्या समारंभात ते म्हणाले, "माझ्या हाताला यश न्हाई." सभागृह हसले. मला मात्र मान वर करवेना.

एकेचाळिसाव्या बॅचच्या आदल्या दिवशी मला गडहिंग्लजची एस.टी. गाठायची होती. भांड्याच्या तळाला माझ्या प्रबंधासाठी केलेल्या, टायटॅनियम नसलेल्या साध्या झिओलाइटचा पातळ थर होता. मी ते नुसते पाण्याने विसळले आणि वहीत लिहिले, "आम्लाने धुतले." खाली सही.

पुढे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. तिथे पाकात आधी बारीक दाणा सोडतात, मग त्यावर साखर धरते. ते पाहताना मला वहीतली माझी सही आठवली. आमच्या भांड्यातही जुना दाणा राहिला होता. त्यावर स्फटिक लवकर धरला असणार, टायटॅनियमला वेगळे बसायला सवडच मिळाली नसणार. सरांच्या निवृत्तीला तेव्हा चार वर्षे होती. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि माघारी आलो. माझ्या नोकरीच्या शिफारसपत्रात त्यांनी लिहिले होते, "याची नोंद डोळे मिटून खरी मानावी."

या लेखाचे बोलावणे आले तेव्हा मात्र जाऊन सगळे सांगितले.

"भांडं धुतलंच न्हवतंस?"

"न्हाई, सर."

"आणि मी सात वर्सं घासत बसलो."

मग त्यांनी कपाटातली वही काढायला लावली. "खोड. एकच रेघ मार. जुनं वाचता आलं पायजे." मी खोडले, खरे लिहिले, सही केली. खाली त्यांनी सही केली. वर्षभर त्यांच्या हाताला कंप आहे. एवढ्याशा नावाला फार वेळ लागला.

"भट्टी कुठं हाय आता?"

"भंगारात गेली, सर. त्या खोलीत संगणक बसवल्यात."

"मग तुजं खरं का खोटं, कळायचं न्हाईच की," म्हणून त्यांनी वही मिटली.

सरांनी मला क्षमा केली, असे मी लिहिणार नाही. ते तसे म्हणालेले नाहीत. त्यांनी शंभरी पाहावी, त्यांचा हात पुन्हा स्थिर व्हावा, हे मागायचा हक्क मला नसला तरी मागतो. आणि त्या समारंभात जे हसले, त्यांना एक विनंती. सरांचे ते वाक्य आज एका रेघेने खोडा. त्यांच्या हाताला यश आले होते. ते मी त्यांना कळू दिले नाही.