मिळेल ती जागा

बाराहाते साहेब कधीच काही निवडत नसत. मिठाईच्या दुकानात "क्या दूँ साहब?" असं विचारलं की म्हणत, "जो हाथ में आए, दे दो." रिक्षा रांगेतली पहिली, चप्पल दुकानदार पुढे करील ती, पंगतीत सगळे बसून झाल्यावर उरेल ती खुर्ची. लखनौला नवी आले तेव्हा मला वाटलं, किती समाधानी माणूस आहे. तो गैरसमज दूर व्हायला काही वर्षं गेली.

लग्न होऊन मी मानक नगरला आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. माझे यजमान रेल्वेच्या संशोधन खात्यात आणि बाराहाते साहेब त्यांचे वरिष्ठ. घर आमच्या अगदी समोर. ते आणि नलूकाकू मूळचे नागपूरचे. कॉलनीत मराठी घरं मोजकीच, त्यामुळे महिन्याभरात माझ्यापुरते साहेबांचे काका झाले. बाकीच्यांसाठी ते 'बारह साहब'. बाराहाते हे आडनाव लखनवी जिभेला तेवढंच पेलायचं.

ऑफिसात ते गाड्यांच्या ब्रेकवर काम करत. तिथे निर्णय ठणकावून देतात, असं यजमान सांगायचे. मिठाई आणि चपला ही नुसती अंगवळणी पडलेली सवय होती. खरं अडायचं ते माणसांनी कुठे बसायचं, कुठे झोपायचं, कुठे राहायचं हे ठरवताना. तेव्हा त्यांचा चेहरा कुलूप लावल्यासारखा बंद व्हायचा. क्वार्टर मिळताना सीनियॉरिटीनं त्यांचं नाव वर होतं. हवं ते घर मागता आलं असतं. "सबका हो जाए, फिर जो बचे," असं सांगून ते परत आले. उरलं ते कडेचं घर, ज्याच्या खिडक्यांसमोर स्टोअरची भिंत होती. नलूकाकू भाजी निवडताना म्हणायच्या, "यांच्या साहेबीत मला काय मिळालं, तर भिंत. पहा बाप्पा, रोज पहा."

एकदा आम्ही दोन्ही घरं एकाच गाडीनं नागपूरला निघालो. डब्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या आणि त्यांनी अगदी साधी विनंती केली, की भैया, तुमची खालची जागा मला द्याल का, माझी वरची आहे. काका इतके सज्जन, की थंडीत स्वतःची शाल काढून देतील. पण ते उठून उभे राहिले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. "माताजी, जहाँ आपका नाम आया है, वहीं बैठिए," ते म्हणाले. बाई दुखावल्या. शेवटी माझ्या यजमानांनी आपली खालची जागा त्यांना दिली, तर काका तोंड फिरवून दारापाशी जाऊन उभे राहिले. उतरेपर्यंत ते आमच्याशी बोलले नाहीत. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी नुसतं डोळ्यांनी सांगितलं, विचारू नकोस.

काका रिटायर झाले त्या वर्षी अभयनं, त्यांच्या मुलानं, सिंगापूरहून फोन केला. तो तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. आईबाबांना बोलावून घ्यायचं आणि चार दिवस क्रूझवर पाठवायचं त्यानं ठरवलं होतं. काकूंनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. नागपूर आणि लखनौ यांत तो यायचा कुठून? त्या दिवसभर मला सांगत होत्या, "जहाजात म्हणे लिफ्ट असते, अगं."

अडलं ते केबिनपाशी. अभयनं घेतलेल्या तिकिटात कंपनी देईल ती केबिन घ्यायची होती. आतली येते की खिडकीची, हे बंदरावर गेल्यावर कळणार. थोडे जास्त पैसे भरले तर नकाशा पाहून हवी ती केबिन आधीच ठरवता येत होती. "पापा, पैसे का टेंशन मत लो. बस नंबर बताओ," अभय म्हणाला. काका म्हणाले, "नंबर नको. मिळेल ती घेऊ." अभयनं तरीही कोपऱ्यावरच्या पीसीओवर जहाजाचा नकाशा फॅक्स करून पाठवला.

दुपारी काकूंनी मला हाक मारली. जेवणाच्या टेबलावर तो लांबलचक कागद पसरला होता, वाटीनं एक टोक दाबून ठेवलेलं. त्यावर खुराड्यांसारख्या चौकटी आणि प्रत्येकीत बारीक आकडे. काका समोर बसले होते, पण कागदाकडे पाहत नव्हते.

"सुनंदा, तूच सांग यांना," काकू म्हणाल्या. "पाण्यावर जाऊन पण मी भिंतच पाहू का?"

"मग तुम्हीच ठरवा ना काकू," मी सहज म्हणाले.

"नाही," काका एकदम बोलले. "तिनं नाही ठरवायचं. मग ते तिच्यावर येईल."

"काय येईल?"

मग कागदाच्या कडेवरून बोट फिरवत, ऑफिसातला अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात त्यांनी सांगितलं. नवी नोकरी लागली होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतर ते आणि त्यांचा धाकटा भाऊ माधव नागपूरहून निघाले होते. माधव कॉलेजात होता. दोघांना जागा मिळाल्या त्या वेगवेगळ्या डब्यांत. एक खिडकीची, दुसरी मागच्या डब्यात, दाराजवळ.

"खिडकीच्या जागेवर नाव माधवचं होतं. मी म्हटलं, मी मोठा, खिडकी माझी. तो हसला. ट्रंक उचलली आणि मागे गेला. पहाटे मागचे डबे रुळावरून उतरले. आमच्या डब्याला नुसता हिसका बसला."



"मी खाली उतरलो," ते पुढे म्हणाले, "पण मागे गेलो नाही. पायच उचलेना. लोक धावून राहिले होते आणि मी तिथेच उभा. दुसऱ्या दिवशी बाबा आले. त्यांनी त्याला ओळखलं. मी नाही पाहिलं."

काकूंना हे सगळं माहीत असणार, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांनी वाटी उचलून बाजूला ठेवली आणि कागद नीट सपाट केला.

"मी लग्न करून आले ना, तेव्हापासून त्याच गाडीत बसून आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही उतरत नाही, मग मी कशी उतरू? आजवर म्हटलं का काही? क्वार्टरचं म्हटलं, ते भाजी निवडता निवडता. आता म्हणते. मला समुद्र पाहायचा आहे."

आवाज चढला नव्हता. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, आणि ती चालू होईपर्यंत आम्ही तिघंही जणू तेच ऐकत बसलो.

काकांनी चष्मा लावला. कागदावर वाकले. "आपण ही घेतली," बाहेरच्या ओळीतल्या एका चौकटीवर बोट टेकवत त्यांनी विचारलं, "तर इथे जे कोणी येणार होतं, ते कुठे जाईल?"

"दुसऱ्या खोलीत जाईल," काकू म्हणाल्या. "झोपेल, जेवेल, घरी जाईल."

त्यांनी बोट उचललं नाही. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर पीसीओवर गेले. काचेच्या खोक्यात उभं राहून त्यांनी अभयला नंबर सांगितला, दोनदा सांगितला. पलीकडून अभयचा हसरा आवाज मलाही ऐकू आला, "बस, इतनी सी बात थी, पापा?"

"हो," काका म्हणाले. "इतकीच."

सिंगापूरहून दोघं परत आली तेव्हा काकूंचा रंग सावळला होता आणि बोलणं थांबत नव्हतं. खिडकी छान मोठी होती. पाणी सकाळी वेगळं, दुपारी वेगळं. दोन दिवस त्या तिथून हलल्याच नाहीत. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "हे मात्र खोलीत थांबतच नव्हते. आमच्या समोरची केबिन बिनखिडकीची होती. त्यात एक मद्रासकडचं म्हातारं जोडपं. रोज सकाळी जाऊन त्यांचं दार वाजवायचे. बरे आहात का, झोप लागली का. त्यांना वाटलं, हे जहाजावर नोकरीलाच आहेत. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना आमच्या खोलीत बोलावलं. चौघं बसलो पाणी पाहत. तेव्हा कुठे हे तासभर झोपले, सगळ्यांसमोर, खुर्चीतच."

काका अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "कसं वाटलं काका?"

त्यांनी पाइप खाली ठेवला. "सगळे उतरले," ते म्हणाले. "मी खाली धक्क्यावर उभा राहून पाहिलं. ते म्हातारे उतरले, लेकरं उतरली, सामान घेऊन सगळे उतरले. अभय घ्यायला आला होता, तो चिडला. म्हटलं, थांब जरा. शेवटी जहाजावरचा माणूस म्हणाला, आत आता कोणी नाही. तेव्हा निघालो."

"मग आता हलकं वाटतं का?"

"नाही," म्हणाले. "पण पाहिलं मी. एवढं पाहता आलं."

त्यानंतर ते बदलले असं मी म्हणणार नाही. खुर्ची उरेल तीच घ्यायचे. वर्षभरात क्वार्टर सोडून दोघं नागपूरला गेली. चारबागवर आम्ही पोचवायला गेलो, तेव्हा गाडी सुटेपर्यंत ते दारात उभे राहून मागच्या डब्यांकडे पाहत होते. आता मला कळत होतं ते काय पाहत आहेत, आणि त्यामुळे हात हलवणंही मला जड गेलं.

पुढच्याच थंडीत काकूंचा फोन आला. काका गेले. थोडे दिवस आजारी होते, त्रास फारसा झाला नाही. काकू रडत नव्हत्या. मी विचारलं, "शेवटी काही बोलले का? माधवभावजींचं नाव काढलं का?"

"नाव नाही काढलं," काकू म्हणाल्या. "सकाळपासून एकच विचारत होते, सगळे उतरले का म्हणून. मी हात धरून बसले होते. दर वेळी म्हटलं, हो, उतरले सगळे."