मावशीची राखून ठेवलेली दाढ

माझ्या रूमपार्टनरइतका दातांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नागपुरात सापडणार नाही, आणि दातांनी ज्याच्याशी इतकी बेइमानी केली असाही दुसरा नाही. हुडकेश्वरच्या आमच्या खोलीत तो माणसं चेहऱ्यानं ओळखतच नसे. घरमालक म्हणजे 'तिरपा सुळा', मेसवाल्या काकू म्हणजे 'चांदीवाली दाढ'. लग्नात हा ताट हातात धरून लोक कुठल्या बाजूनं चावतात ते बघत उभा, तोवर जेवणं आटोपलेली. मी मोर्चाचं पत्रक लिहून हातात दिलं, तर न वाचताच म्हणाला, "घोषणा देतो तवा तुही अक्कलदाढ दिसते गा. काढून घे."

दुसरं वेड एआयचं. एक्स-रेचा फोटो टाकला की फोनमधलं फुकटचं ॲप किडीभोवती लाल चौकट काढायचं. चहाच्या टपरीवर तो बॅचला सुनवायचा, "मशीन येऊन राहिली अन् तुम्ही झोपून राहिले." झोपलोच होतो. आमच्या डेंटल कॉलेजच्या फाटकावर 'एआय युगाचे दंतवैद्य घडवतो' असा फ्लेक्स, आणि आत वर्गात त्यावर एक तास नाही. ती चौकट कधी चुकते हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही.

आमच्याकडे शेवटच्या परीक्षेला ज्याचा त्यानंच पेशंट आणायचा असतो, तोही हवी तशी कीड असलेला. चांगली कीड सापडली की पोरं ती परीक्षेपर्यंत जपतात. याला ॲपनं पारशिवनीच्या मावशीच्या दाढेत, दोन दातांच्या फटीत, कीड दाखवली. मग रोज फोन. "मावशी, त्या दाढेले कोणाले हात लावू देऊ नको वं." मावशीनं तर त्या बाजूनं चावणंच सोडलं.

परीक्षेत त्याच्या खुर्चीत मावशी, आणि शेजारच्या खुर्चीपाशी मी माझा पेशंट घेऊन. त्यानं एक्स-रे मोठ्या पडद्यावर लावला आणि पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. दाताच्या मानेशी एक्स-रेत कधीकधी काळी सावली पडते, ती कीड नसते; ही तीच होती. फोनवर त्यानं फक्त चौकट पाहिली होती. परीक्षा घेणारे सर अजून लांब होते.

"काय झालं गा बापू?"

"दाढ चांगली आहे वं मावशी."

"मंग तं वाईटच झालं." मग हळूच म्हणाली, "कोर ना थोडीशी. माहीच दाढ आहे. तू पास हो."

त्यानं ड्रिल खाली ठेवलं आणि स्वतःच जाऊन सरांना सांगितलं. सर म्हणाले, "केस नाही, तर मार्क नाही." फ्लेक्स लावणाऱ्यांना मात्र कोणी नापास केलं नाही. हे मी पत्रकात लिहिलं, पत्रक सगळीकडे वाटलं. लोकांनी त्यावर पोहे खाल्ले.

पुढच्या परीक्षेपर्यंत तो पारशिवनीला मावशीकडे राहायला गेला आहे. खोलीत आता माझ्या अक्कलदाढेकडे कोणी बघत नाही. परवा त्याचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग आवाज उतरला.

"मावशी अजून त्या बाजूनं चावत नाही गा. चांगली आहे म्हणून किती सांगितलं. म्हणते, तुही परीक्षा होऊ दे."