क्रेस्फोंतसनंतर कोण

तिमारेता रडायला लागली की दगडाला पाझर फुटतो, असं पामिसस नदीकाठच्या गावांत म्हणत. कुणाचं माणूस गेलं की पहिला सांगावा तिला. तिची नणंद मिक्का चेष्टा करायची, "वहिनी, तुझं रडणं ऐकून मढं उठून बसत असेल बघ. पण एवढं कौतुक जिवंतपणी कोण करणार, म्हणून बिचारं गप पडून राहतं."

"तोंड आवर आणि वरवंटा ढकल, वन्सं," तिमारेता म्हणायची.

गावातल्या बायका रोज सकाळी एका ओळीत गुडघ्यांवर बसून दगडी पाट्यांवर सातू रगडत. त्यातला अर्धा डोंगरापलीकडे स्पार्टाला, धन्याच्या घरी जाई. जमीन एके काळी या गावकऱ्यांचीच होती. आता हे तिच्यावर वेठीला बांधलेले. पाट्यांच्या घरघरीआड बायका पूर्वजांची नावं म्हणत. एकीने नाव घ्यायचं, बाकीच्यांनी तेच उचलून "हाय!" म्हणायचं. पुढे म्हणणारी तिमारेता. हे काम तिला आईने दिलं होतं. देण्यासारखं त्या बाईकडे दुसरं होतं तरी काय?

हेराक्लीसचा हिल्लस, त्याचा क्लिओदायस, त्याचा अरिस्तोमाखस. इथवर धन्यांचे आणि वेठबिगारांचे राजे एकाच रक्ताचे. पुढे अरिस्तोमाखसच्या मुलांची वाटणी झाली. अरिस्तोदेमसच्या घराला स्पार्टा मिळाला, क्रेस्फोंतसला इकडचा मेस्सेनिया. मग एका भावाच्या वंशाने दुसऱ्याच्या वंशाच्या मानेवर पाय दिला. आता क्रेस्फोंतसचं नाव घेणाऱ्याची खैर नव्हती. म्हणूनच त्या नावाशी आल्यावर साऱ्या बायका एकदम वरवंटा जोरात ढकलत, आणि आवाज न वाढवता ते नाव घेत. तेवढं एक नाव सगळ्यांना पाठ होतं. त्याच्यापुढचे राजे मात्र फक्त तिमारेताला ठाऊक. बाकीच्या तिच्यामागून म्हणत आणि उठल्या की विसरून जात.

त्या वर्षी द्राक्षं पिकायच्या सुमाराला स्पार्टाचा एक राजा मेला. शहरात बायका तांब्याच्या काहिली बडवत फिरल्या आणि वेठीच्या सगळ्या गावांना बोलावणं आलं. राजाच्या मातीला यायचं, कपाळ बडवायचं, आणि हाच आजवरचा सगळ्यांत चांगला राजा होता असं ओरडून सांगायचं. आधीचा राजा गेला तेव्हाही हेच सांगितलं होतं. त्या वेळी तिमारेताच्या नवऱ्याचा हात कपाळावर हलका पडला होता. तो तिथून परत आलाच नाही.

धनी पोलिदास स्वतः गावात आला. घोड्यावरून न उतरताच म्हणाला, "रडणारी तू ना? या बायकांच्या पुढे तू म्हणायचं. हेराक्लीसपासून आमच्या राजापर्यंत सगळे बाप. एकही चुकता कामा नये."

"होय, धनी."

त्याच्या चाकराने तिला नावं शिकवली. पहिली तर येतच होती. पण अरिस्तोमाखसनंतर जीभ आपल्या वळणाने क्रेस्फोंतसकडे जायची. सून फिला अंगावर पाजत होती, म्हणून तिला घरी ठेवून सगळे निघाले. तायगेतसचा डोंगर चढताना तिमारेता एकसारखी पुटपुटत होती. अरिस्तोमाखसचा अरिस्तोदेमस, त्याचा युरिस्थेनस, त्याचा आगिस. चुकली की ओठ चावायची, आणि पुन्हा हेराक्लीसपासून सुरुवात.

"वहिनी, स्पार्टाला सासर करतेस की काय?" मिक्काने हटकलं.

"चुकले तर तुझी भाचरं कोण सांभाळेल? तू?" तिमारेता फणकारली.

डोंगर उतरेपर्यंत ओठाला सालपट उरलं नव्हतं, पण नावं न अडखळता येत होती.

मातीच्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. पुरुष कपाळ बडवत होते. पोलिदास हातात काठी घेऊन बायकांच्या कडेला उभा होता. तिमारेताने सूर लावला आणि मागच्या बायकांनी उचलला. हिल्लस, हाय! क्लिओदायस, हाय! अरिस्तोमाखस, हाय! तिने ओठ चावला आणि स्वच्छ म्हणाली, "अरिस्तोदेमस!"

"क्रेस्फोंतस, हाय!" मागून आलं.

तिने स्वतःला घोटून तयार केलं होतं. मागच्यांना कुणी तयार केलं होतं? पाट्यावर जन्म गेलेल्या त्या बायका, कानाआधी तोंडाने ऐकणाऱ्या. मिक्काचा आवाज तर सगळ्यांत वर. पोलिदासची मान वळली. तिमारेताची पाचावर धारण बसली. तिने गाल ओरबाडले, शेजारच्या स्पार्टन बाईच्या हातातली काहील ओढून घेतली आणि ती बडवत असा टाहो फोडला, की पुढची रांगही रडायला लागली.

पोलिदासने काहील तिच्या हातून काढून घेतली. "मघाशी काय म्हणाल्या या?"

"रडणाऱ्या बायका आहेत, धनी. दुःखात शब्द कुठला नीट येतोय?"

"मग आता नीट येऊ दे. पहिल्यापासून."

बायकांना डोळ्याने खुणवायचीही सोय नव्हती. तिने पुन्हा सुरुवात केली. अरिस्तोमाखस झाला आणि मागे कुणी श्वाससुद्धा घेईना. "अरिस्तोदेमस," ती म्हणाली. दोन्ही हात तोंडावर दाबून धरलेल्या मिक्काने ते काढले आणि सगळ्यांबरोबर म्हटलं, "अरिस्तोदेमस, हाय!" पोलिदासने काठी काखेत मारली, पण दफन होईपर्यंत त्याने तिला तीच नावं पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, आणि त्यानंतरचे शोकाचे सगळे दिवस, सकाळ-संध्याकाळ. एकदाही चुकली नाही. निघताना तिला एक बकरं बक्षीस मिळालं. ते तिला घेववेना, आणि नाकारायची छाती नव्हती.

गावी आल्यावर सकाळी पाटे मांडले गेले. फिला बाळाला झोळीत टाकून सासूच्या उजव्या हाताला येऊन बसली. "आत्याबाई, मला आता सगळं शिकवा," ती म्हणाली. "तुम्ही गेलात तेव्हा इथे बसून मला रडूच यायचं. तुम्हाला काही झालं असतं तर बाळाला कुणी सांगितलं असतं?"

तिमारेताला भरून आलं. तिने वरवंटा ढकलला आणि सुरुवात केली. हिल्लस, क्लिओदायस, अरिस्तोमाखस. मग सगळ्यांनी मिळून वरवंट्यांवर जोर लावला, "क्रेस्फोंतस, हाय!" कितीतरी दिवसांनी ते नाव घेताना बायकांच्या चेहऱ्यांवर तजेला आला.

"आणि क्रेस्फोंतसचा?" फिलाने विचारलं.

तिमारेताने तोंड उघडलं. आईचा पाटा आठवला, आईचे सालपटलेले गुडघे आठवले, नाव आठवेना. हात चालूच होता. थांबला असता तर सगळ्यांना कळलं असतं. जिभेवर होतं ते डोंगर चढताना घोटलेलं नाव.

"युरिस्थेनस," ती म्हणाली.

"युरिस्थेनस, हाय!" फिला मनापासून म्हणाली. पुटपुटत तिने ते घोकलंही.

पलीकडे मिक्काचा वरवंटा थांबला. तिने वहिनीकडे पाहिलं. तिमारेताच्या डोळ्यांतून पाणी घळघळत होतं आणि तोंडातून आवाज येत नव्हता. साऱ्या मुलखाचं रडणं रडलेली ती बाई, पण तिला असं रडताना मिक्काने कधी पाहिलं नव्हतं. ती काहीतरी बोलणार होती.

"त्याचा आगिस," तिमारेता म्हणाली.

"आगिस, हाय!" फिला म्हणाली.

मिक्काने मान खाली घातली, वरवंटा ढकलला आणि तीही म्हणाली, "हाय."