मिस्त्रींच्या हेलिकॉप्टरचं नवं नाक

लिफ्ट दुरुस्त करण्यात मिस्त्रींचा जन्म गेला, तोवर सगळं ठीक होतं. निवृत्त झाले आणि रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या नादी लागले. मांजराएवढं ते धूड घरात आलं तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे शिंपीणबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला होता. पण मैदानात ते उडवताना नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्या गप्पच बसल्या. इतका खुललेला चेहरा त्यांनी लग्नाच्या नव्या नवलाईनंतर पाहिला नव्हता.

मग मिस्त्रींचे डोळे दगा देऊ लागले. हेलिकॉप्टर जरा लांब गेलं की नाक कुठलं नि शेपूट कुठली, कळेना. एका सकाळी त्यांनी ते भलतीकडे वळवून दगडांत घातलं. नाकावर बसणारं प्लास्टिकचं टोपण, त्यांच्या भाषेत कॅनोपी, तिचे तुकडे झाले. "झालं उडवून," म्हणाले, हेलिकॉप्टर कपाटावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. घर बाईंना खायला उठलं.

त्यांनी गुपचूप नवी कॅनोपी मागवली. पांढऱ्या पातळ प्लास्टिकचे दोन अर्धे भाग आले, कडेला कापायची रेषा उमटवलेली. दुपारी शिवणयंत्र बाजूला सारून बाईंनी कात्री उचलली आणि हयातभराच्या सवयीने रेषेबाहेर बोटभर जागा सोडून कापायला घेतलं.

कात्रीच्या आवाजाने पलंगावरून विचारणा झाली, "काय चाललंय?"

"शिवणीसाठी माया सोडतेय."

"अगं, तो काय सदरा आहे? रेषेवर काप! कडेला कड भिडली पाहिजे."

"अहो, रेषेवर कात्री चालवायला माझा हात धजत नाही. या ना इकडे."

मिस्त्री कुरकुरत उठले. उठले हे महत्त्वाचं.

बाई कापत गेल्या आणि मिस्त्री बोटाने चाचपत कड घासत गेले. दोन्ही भाग जुळवून बाहेरून चिकटपट्टी लावली, आतून गोंद सोडला. सांध्याला बळकटी यावी म्हणून आतून काचेच्या धाग्यांच्या कापडाची पट्टी राळेत भिजवून बसवायची होती. नाकाच्या गोलाईवर ती चुण्या धरू लागली, तेव्हा बाईंनी दुसरी पट्टी उरेब, म्हणजे तिरकी कापली. ती गुमान बसली. मग कॅनोपी उन्हात धरून दोघं आत डोकावत राहिले. आत दुधासारखा उजेड भरला होता. त्या उजेडात बसून आपण कुठेतरी लांब निघालो आहोत असं बाईंना वाटलं, आणि चहाची वेळ टळली तरी कुणाला सुचलं नाही.

राळ वाळल्यावर, नाक कुठल्या दिशेला ते रंगावरून कळावं म्हणून त्यांनी एक बाजू नारिंगी रंगवली, दुसरी काळी. आता तरी दिसेल का, एवढाच प्रश्न होता.

सकाळी मैदानात धुकं होतं. कॅनोपी डोक्यावर धरून बाई एकट्या लांब, मधल्या बाकाच्याही पुढे चालत गेल्या. पाय गवतावर टेकतायत की नाही, तेही कळत नव्हतं. मध्येच थांबून कॅनोपी एका बाजूला वळवत नि ओरडत, "नाक कुठे?"

"डावीकडे!"

बरोबर. आणखी लांब. "आता?"

"उजवीकडे!"

कुंपणापर्यंत एकही उत्तर चुकलं नाही. गुडघेदुखी विसरून बाई जवळजवळ धावतच परत आल्या. "दिसतंय की तुम्हाला!"

मिस्त्री चष्मा पुसत राहिले. "कॅनोपी त्या बाकाच्या पुढे दिसलीच नाही गं. तू दिसत होतीस. नाक जिकडे, तिकडे तू अख्खी वळायचीस."

बाई गवतात बसल्या आणि रडल्या. मनसोक्त रडल्या. मग पदराने नाक पुसून उठल्या, हेलिकॉप्टरवर कॅनोपी बसवली आणि रिमोट नवऱ्याच्या हातात दिला.

"उडवा. मी सांगते."

"आणि चुकलीस तर?"

"तर पडेल. उडवा म्हणते ना!"

हेलिकॉप्टर उठलं, धुक्यात वर गेलं, बाकाच्या पलीकडे निघालं. मिस्त्रींना आता नुसती घरघर ऐकू येत होती.

"नाक कुंपणाकडे," बाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "जाऊ द्या, जाऊ द्या. आता डावीकडे घ्या."

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले आणि डावीकडे वळवलं.