अजून पाव फेरा

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस भोसरीच्या पंचक्रोशीत दुसरा नसेल, आणि असलाच तर तो भीतीपोटी घराबाहेर पडत नसेल म्हणून आपल्याला माहीत नाही. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. मूळचे लातूरकडचे, आता भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची इंजिनं खोलून पुन्हा जोडतात. इतका धाडसाचा धंदा या माणसाने कसा पत्करला, हे मला कधीच कळलं नाही. जगात भिण्यासारखं पुष्कळ आहे, पण साडूंची खरी भीती एकच आहे, ती म्हणजे बोल्ट जास्त पिळला जाण्याची. बोल्ट सैल राहिला तर पुन्हा आवळता येतो, पण जादा पिळला की त्याला धरून ठेवणाऱ्या आतल्या खाचा, म्हणजे आटे, जातात. त्यातून इंजिन अॅल्युमिनियमचं असलं की मग विचारूच नका. "लोखंड आपल्याला सांगतंय, दादा, की बाबा, बास कर," ते म्हणतात. "अॅल्युमिनियम काय बोलत न्हाई. गपचूप जातंय."

ही भीती ते घरीही घेऊन येतात. गळत नाही अशी एकही बाटली त्यांच्या घरात नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण नुसतं ठेवलेलं असतं आणि मोरीतला नळ लग्न झाल्यापासून ठिबकतो आहे. मेहुणीच्या कुड्यांची फिरकी त्यांनी आयुष्यात एकदाच बसवून दिली आणि त्याच संध्याकाळी एक कुडी मंडईत पडली. मेहुणी अजून त्याबद्दल बोलते. शेडमध्ये तर त्यांनी भिंतीवर ऑइलपेंटने लिहूनच ठेवलंय, 'इथे कोणीही अजून पाव फेरा म्हणू नये'. एका गिऱ्हाइकाने गमतीने ते वाक्य मोठ्याने वाचलं, तर साडू हातातला पाना खाली ठेवून बाहेर जाऊन बसले. बोल्टवर किती जोर पडतो ते मोजणारा आणि जोर पुरेसा झाला की 'कट्' असा आवाज करणारा त्यांचा एक पाना आहे. तो ते मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. त्याला हात लावायची परवानगी त्यांनी आजवर एकाच माणसाला दिली, आणि तो मूर्ख मीच.

झालं असं, की आमच्या सासऱ्यांची गाडी तापायला लागली. सासरे, म्हणजे आबा, चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झाले. थोरला जावई म्हणून माझ्यावर त्यांचा फार विश्वास, कारण मी चाकणला कंपनीत बसून काम करतो आणि माझे हात काळे होत नाहीत. धाकट्याबद्दल त्यांचं मत लग्नातच ठरलं होतं. किल्ली देताना ते मला म्हणाले, "गाडी तुमच्या भरवशावर देतोय. त्यांच्या न्हाई. रविवारी पाचला न्यायला येतो."

रविवारी अकरा वाजेपर्यंत काम जवळजवळ संपलं होतं. गॅस्केट बदलून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा अर्धा भाग, बसवून झालं होतं. शेवटचा बोल्ट राहिला. मला हौस आली. "द्या हो इकडे, मी आवळतो," म्हटलं. साडूंनी नाही म्हणायला हवं होतं, पण मोठ्या साडूला नाही म्हणायचीही त्यांना भीती वाटते. पाना 'कट्' वाजला. ते म्हणाले, "बास." मला वाटलं, सासऱ्यांची गाडी आहे, थोडं जास्तच बरं. मी म्हटलं, "अजून पाव फेरा."

हातातलं वजन एकदम नाहीसं झालं. बोल्ट लोण्यात फिरावा तसा फिरायला लागला. साडूंनी हेड पुन्हा उतरवलं, बोल्ट उचलून उजेडात धरला. त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमचं चकचकीत वेटोळं अडकलं होतं. "आता?" मी विचारलं. "आता भोक मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, त्यात पोलादी तारेची स्प्रिंग बसवायची. पण ड्रिल तिरकं गेलं तर हा खालचा ब्लॉक भंगारात. खोल गेलं तर खाली पाण्याची वाट हाय, ती फुटली तरी भंगारात." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुम्ही खिशात हात घालून उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. त्यांनी खोली सात वेळा मोजली, ड्रिलवर तेवढ्याच अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली, सिलिंडरांत कीस पडू नये म्हणून फडकी कोंबली. ड्रिल त्यांनी इतक्या वेळा उचलून खाली ठेवलं की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हात स्थिर होता. भोक झालं, मग आटे पाडायला अर्धा फेरा पुढे, पाव मागे, तेलाचा थेंब, पुन्हा अर्धा पुढे. स्प्रिंग बसली. गॅस्केट पुन्हा नवं लागणार होतं, पण भित्रा माणूस प्रत्येक वस्तू दोन आणून ठेवतो. शेवटचा बोल्ट त्यांनी आवळला, पाना 'कट्' वाजला, आणि त्यांनी तो असा झटकन सोडला की जणू हात भाजला.

पाचला आबा आले. गाडी एका किल्लीत सुरू झाली. मी सुटलो म्हणेपर्यंत आबांची नजर ट्रेमधल्या त्या वेटोळ्यावर गेली. जन्मभर लेथवर काम केलेल्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. "आटे कुणी घालवले?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा खिशात हात घातले.

"माझ्याकडनं गेले, आबा," साडू म्हणाले.

आबा पंधरा मिनिटं बोलले. त्यात लग्नाचा विषय आला, लातूर आलं, ठिबकणारा नळही आला. साडू मान खाली घालून ऐकत होते आणि मी शेजारी उभा होतो. आबा गेल्यावर मी म्हटलं, "अहो, हे काय केलंत?" ते फडक्याला हात पुसत म्हणाले, "मला त्येंच्या बोलण्याची सवय झालीय. तुम्हाला झेपलं नसतं."

आबा आता गाडी दुसऱ्याकडे देतात आणि चारचौघांत कारणही सांगतात. सणावाराला आम्ही सगळे आबांकडे जमतो, तेव्हा आबांचं लक्ष नाही असं पाहून साडू गल्लीत उभ्या गाडीपाशी जातात, बॉनेटवर हात ठेवतात आणि वाकून खाली पाणी ठिबकलंय का ते बघतात. मागच्या दिवाळीत मी त्यांच्या मागोमाग गेलो. मला खरोखर लाज वाटत होती. म्हटलं, "आज मी आबांना खरं सांगूनच टाकतो." त्यांनी घाबरून माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, दादा," ते म्हणाले. "कोरडं हाय. बसलाय त्यो बोल्ट आता. उगं पुन्हा पिळू नका."

आतून आबांनी जेवायला हाक मारली, मला माझ्या नावाने आणि त्यांना नुसतंच 'ते कुठंयत' म्हणून. आम्ही दोघं आत गेलो, आणि मी काही बोललो नाही.