एक्केचाळीस कुत्र्यांचा एकच नंबर

"तुमचा प्रोग्रॅम म्हणतोय रेकॉर्डच नाही," डोना फोनवर जवळजवळ ओरडली. "आणि तीन वाजता नवी फॅमिली त्याला न्यायला येतेय!"

डोना इथल्या एका अ‍ॅनिमल शेल्टरची मॅनेजर, म्हणजे आमची क्लायंट. 'तो' म्हणजे रस्त्यावर सापडलेला एक म्हातारा बीगल कुत्रा. सापडलेल्या कुत्र्याला शेल्टर काही दिवस सांभाळतं. मालक आला नाही, तर दुसऱ्या घरी देतं. याची मुदत संपली होती. एकदा कागद झाले की मूळ मालकाला तो परत मिळणं अवघड.

"चिप आहे ना त्याला?" मी विचारलं.

"आहे. म्हणजे तो कोणाचा तरी आहे. कोणाचा, ते तू सांग."

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली बसवतात. स्कॅनर फिरवला की पंधरा आकडी नंबर दिसतो. तो आमच्या सिस्टिममध्ये टाकला की मालकाचं नाव आणि फोन समोर. अ‍ॅशबर्न गावातल्या आमच्या छोट्या ऑफिसात ही सिस्टिम मीच लिहिली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता.

दीड वाजला होता. मी डेटा उघडला आणि हसावं की रडावं कळेना. एक्केचाळीस कुत्र्यांचा नंबर एकच! सुरुवातीला तीन आकडे, पुढे नुसती बारा शून्यं.

"संदीप, जरा इकडे ये ना यार."

संदीप आमचा बॉस, पुण्याचा. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"डोनाने पाठवलेली फाइल स्प्रेडशीटमध्ये ओपन करून सेव्ह केली होतीस?"

केली होती. आमच्या टीमची ती पद्धतच. क्लायंटची फाइल आली की आधी स्प्रेडशीटमध्ये उघडून एक नजर टाकायची, सेव्ह करायची, मग सिस्टिममध्ये लोड करायची. स्प्रेडशीटला एवढा लांब नंबर दिसला की ते त्याला आखडून लिहितं: पहिले तीन आकडे, मग ई, अधिकचं चिन्ह आणि चौदा. सेव्ह केलं की उरलेले आकडे गेलेच, आणि पहिले तीन चिपच्या कंपनीचे, म्हणजे या सगळ्यांचे सारखेच.

पण सगळं खापर स्प्रेडशीटवर फोडता येत नव्हतं. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक माहितीचा 'टाइप' सांगावा लागतो. 'नंबर' सांगितलं की मशीन त्याची बेरीज-वजाबाकी करायला तयार. 'सिम्बॉल' म्हणजे नुसतं नाव; मशीन एवढंच बघतं, हे तेच आहे की दुसरं. मी सगळे आकडे पाहून खुशाल 'नंबर' लिहिलं होतं. त्यामुळे तो आखडलेला आकडा प्रोग्रॅमने आनंदाने घेतला आणि बारा शून्यं स्वतः भरली. सिम्बॉल असता तर नावात ई आणि अधिकचं चिन्ह बघून कोणीतरी पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

"ओरिजिनल फाइल कुठेय?" संदीप म्हणाला.

डोनाच्या ईमेलमध्ये होती, कोणी हात न लावलेली. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तिथे आकडे आहेत तसेच राहतात. डोना फोनवर चिपचा एकेक आकडा वाचत गेली, मी तो शोधायच्या चौकटीत टाइप करत गेले. पंधरावा टाकला आणि एक ओळ पिवळी झाली. मालक वॉल्टर, खाली फोन नंबर.

डोनाने लगेच फोन लावला तेव्हा कळलं, वॉल्टर आजोबा नुकतेच मुलीकडे राहायला आले होते. कुत्रा नव्या घरातून पळाला आणि ते बिचारे शेजारच्या काउंटीतली, म्हणजे पलीकडच्या जिल्ह्यातली, शेल्टर्स पालथी घालत होते.

अडीचला डोनाने मला पुन्हा फोन केला आणि स्पीकरवर टाकला. आधी एक भुंकणं, मग दुसरं, मग थांबेचना. मध्येच एका म्हाताऱ्या माणसाचं हसणं. कुत्र्यांना घाबरणाऱ्या संदीपने टाळ्या वाजवल्या. मी सरळ रडले, आणि त्या दिवशी त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

तीनला आलेली फॅमिली मांजरीची दोन पिल्लं घेऊन गेली.

मी टाइप बदलला, मूळ फाइल पुन्हा लोड केली, एक्केचाळीस कुत्र्यांना ज्याचा त्याचा नंबर मिळाला. ज्याची बेरीज करायची तो नंबर, ज्याला नुसतं ओळखायचं ते नाव. हे पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. त्या पेपरात मला पैकीच्या पैकी मार्क होते.