गाढवाची चढण

लिफ्टकाकांनी उभ्या आयुष्यात एकच काम मन लावून केलं. लिफ्ट दर मजल्यावर फरशीच्या रेषेत थांबली पाहिजे. बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही. काल थांबली तशीच आज, आज तशीच उद्या. त्यांनी दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून बाहेर पडताना कुणाला ठेच लागली नाही, आणि या गोष्टीचा त्यांना राजाला गादीचा असावा तेवढा अभिमान. घरी चहाचा कपसुद्धा ते बशीच्या अगदी मधोमध टेकवत.

बायको वेगळ्याच मातीची. ती नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात चेलो वाजवायची. गुडघ्यांत धरून वाजवायचं ते थोरलं वाद्य. तारांवरून गज ओढला की रिकाम्या हौदात कुणी जाणतं माणूस गुणगुणावं तसा आवाज निघे. तिचा उजवा खांदा आखडायला लागला तेव्हा काकांनी घाईनं एक शहाणपण केलं. जेवणाच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, भिंतींना गाद्या टेकवल्या आणि तिचा एकेक सूर कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घेतला.

"आता हाच पुन्हा एकदा," काका म्हणत.

"एकदा वाजवला ना? मी काय दारावरची घंटा आहे?"

त्यामुळे प्रत्येक सुराच्या वाट्याला एकेकच खेप आली. पुढे खांदा पुरता अडला आणि चेलो पेटीत गेला. नाट्यगृहाची पायरी तिनं त्यानंतर चढली नाही. काका निवृत्त झाले आणि लहानशा कीबोर्डवरून तेच सूर वाजवायला शिकले. पट्टी दाबली की तिचा सूर उमटे. चाल संथ असली तर डोळे मिटून ऐकलं की वाटे, समोर तीच बसली आहे.

घोडं अडलं ते गाढवापाशी.

लेक बाहुल्यांचे खेळ करायची. नव्या खेळात एक म्हातारं गाढव ओझं घेऊन टेकडी चढतं, आणि त्या चढणीला तिला आईचा चेलो हवा होता. एकच खालचा सूर, पावलापावलाला, माथ्यापर्यंत. खेळ व्हायचा होता आईच्या जुन्या नाट्यगृहात. त्या छताखाली बायकोचा सूर पुन्हा घुमावा, याहून काकांना दुसरं काही नको होतं. त्यांनी कीबोर्डवर चढण बांधली आणि माय-लेकींना ऐकवली.

"हे गाढव नाही," बायको म्हणाली. "हे शिलाई मशीन आहे."

"अगं, सूर तुझाच आहे!"

"माझाच आहे हो. पण एकच घास पुन्हा पुन्हा भरवताय. हे माझं म्हणून लोकांपुढे वाजवायचं नाही, सांगून ठेवते. त्यापेक्षा तयार संगीत घाला."

काकांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक ठोका मोठा, एक बारीक, मनाला येईल तसा लावून पाहिला.

"बाबा, आता गाढव प्यायलंय," लेक म्हणाली.

मग काकांना लिफ्टच्या खोलीतली जुनी सवय आठवली. हवा तो सुटा भाग मिळाला नाही, तर शेजारच्या मापाचा घ्यायचा आणि कानशीनं घासून बसवायचा. त्यांच्याकडे हा सूर एकदाच होता, पण त्याच्या वरचा आणि खालचा सूर तिनं वेगळ्या हातानं, वेगळ्या दमानं वाजवला होता. काकांनी वरचा थोडा खाली ओढला, खालचा थोडा वर चढवला. तिघेही एकाच उंचीवर आले, पण अंगानं निराळे. काकांनी ते आळीपाळीनं पेरले.

बायकोनं मान तिरकी करून ऐकलं. "शेजारणींकडून उसने आणलेत वाटतं?"

"परत करायचे नाहीत. कसं वाटतं?"

"चालायला लागलं. पण फार शहाणं आहे हो गाढव. मी कुठे एवढी शहाणी होते?"

तिनं उजवा हात उचलला, खांदा जाऊ देईल तेवढाच, आणि हवेत वाजवू लागली. काका टक लावून बघत राहिले. गज बाहेर जाताना कोपर जड, आत येताना हलकं. आणि अगदी शेवटी, सूर सोडायच्या आधी, तिनं हात उचलून गज पुन्हा बाहेरच ओढला.

"हे दोनदा काय केलंस?"

"माझी खोड. छडीमास्तर जन्मभर ओरडले त्यावरून." छडीमास्तर म्हणजे छडी हलवून वाद्यवृंद चालवणारे जुने संचालक. "पण गज एकदा उचलून पुन्हा ओढल्याशिवाय मला सूर सोडवतच नाही."

"म्हणजे मी लिफ्ट मुद्दाम बोटभर वर थांबवायची?"

"बोटभर नको. केसभर."

काकांचा जीव वरखाली झाला, पण त्यांनी ते केलं. बाहेरचे ठोके जड लावले, आतले हलके, एखादा केसभर उशिरा. शेवटी दोन जड ठोके एकामागून एक, मधे हात उचलायला लागेल एवढाच अवकाश. बायकोनं ते ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "वाजवा. आणि मलाही न्या."

खेळाच्या दिवशी नाट्यगृह पोरांनी गजबजलं होतं. गाढव चढणीला लागलं आणि चेलो घुमला, तसा कलकलाट हळूहळू विरला. माथ्यावर दोन जड ठोके पडले तेव्हा काकांना शेजारच्या खुर्चीतला हात हललेला दिसला.

खेळ संपताच छडीमास्तर गर्दीतून वाट काढत आले. हातातली छडी आता चालण्याची होती, पण उगारली जुन्याच ऐटीत.

"खांदा बरा झाला आणि आम्हाला पत्ता नाही? आणि काय गं, अजून शेवटी गज दोनदा ओढतेसच! किती वेळा सांगितलं?"

"चुकलं, सर. पुढच्या वेळी नाही," ती म्हणाली, पूर्वी म्हणायची तसंच, आणि आनंदानं तिचा चेहरा फुलून आला.

काकांनी तिचा कोट पुढे धरला. उजवा हात बाहीत शिरेना. काकांनी तो मनगटाशी धरला आणि अलगद आत सरकवला. छडीमास्तरांची छडी खाली आली.

"हात तर उचलत नाहीये तुझा. मग वाजवलं कोणी?"

"मीच की," ती म्हणाली. "गज तेवढा यांनी ओढला."